विचारणाऱ्याचे ओझे

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलची पायरी चढला नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात विरळाच. स्वतःसाठी नाही तर भावासाठी, भावासाठी नाही तर गावातल्या कुणासाठी, पण एकदा तरी तिथे रात्र काढलेली असते. १९६३ साली निघालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला हे रुग्णालय जोडलेले आहे, आणि त्याच्या आवारात मंगळवेढ्याचा शेतकरी, अक्कलकोटची कानडी बोलणारी म्हातारी, तेलुगू बोलणारा यंत्रमाग कामगार आणि धाराशिवकडून आलेले कुणी असे सगळे एकाच झाडाखाली भाकरी सोडून बसलेले दिसतात. पुण्याकडून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता शहराला लागूनच जातो. त्या रस्त्यावरचे अपघात अशाच कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात येतात.

आता श्रोतेहो, असे समजा की रात्रीचे दोन वाजले आहेत. बावीस वर्षांचा एक तरुण मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून आला आहे. अतिदक्षता विभागात त्याला श्वासाच्या यंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर ठेवले आहे. बाहेर चुलते, मामा, बाप जमिनीवर बसले आहेत. आत गेलेला डॉक्टर बाहेर येतो. त्याला दोन वाक्ये बोलायची आहेत. पहिले असे, की तुमचा मुलगा गेला. छाती हलताना दिसते आहे, हात गरम लागतो आहे, तरी गेला. आणि दुसरे असे, की त्याचे अवयव आपण दुसऱ्या कुणाला द्याल का?

देणाऱ्यांच्या मोठेपणाबद्दल आणि घेणाऱ्यांच्या पुनर्जन्माबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. पण ही दोन वाक्ये ज्याला उच्चारायची असतात त्याचे काय होते? आणि आत खाटेशी उभी असलेली सिस्टर, जिने तीन दिवस त्या मुलाचे तोंड पुसले, कूस बदलली, डोळ्यांत औषध घातले, तिचे काय होते? हा प्रश्न घेऊन काही विद्वानांनी आपले उभे आयुष्य खर्ची घातले आहे. विषय ऐकायला चमत्कारिक वाटेल. मलाही पूर्वी वाटला असता.

पूर्वी म्हणजे माझा मावसभाऊ गेला त्याच्या आधी. दुसऱ्या एका शहरातले रुग्णालय होते. नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही सहा-सात जण जिन्याजवळ उभे होतो. पंचविशीतला एक डॉक्टर आला, भिंतीकडे पाहत त्याने काहीतरी सांगितले, त्यात 'ब्रेन डेड' हे दोन शब्द होते, आणि त्याच दमात त्याने किडन्यांबद्दल विचारले. शेजारून कुणीतरी बिलाचा कागद आमच्या हातात दिला. माझे मामा इतके संतापले की त्या पोराच्या अंगावर धावून गेले. मीच त्यांना धरले, आणि मीच डॉक्टरला ठणकावून "नाही" म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याचे डोळे लाल झालेले मला दिसले, आणि मला वाटले, काय निर्दय माणूस आहे, रात्री कुठेतरी जागरण करून आला असेल. जागरण तर त्याने केलेच होते, त्याच वॉर्डात. हे कळायला मला पुढे बरीच वर्षे आणि बरेच वाचन लागले.

मूळ अडचण कुठे आहे ती आधी पाहू. माणूस मेला कसे ओळखायचे, हे आपल्या आजीला ठाऊक होते. श्वास थांबला, नाडी थांबली, अंग गार पडले, संपले. तिन्ही गोष्टी मागेपुढे होत आणि कुणाला शंका राहत नसे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांच्या गळ्याला भोक पाडून, रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना श्वास देण्याची युक्ती तिथल्या डॉक्टरांनी काढली. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली आणि असंख्य जीव वाचले. पण या यंत्राने एक नवीच अवस्था जन्माला घातली. १९५९ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी असे रोगी नोंदवले की ज्यांचा मेंदू पूर्ण निकामी झाला आहे, पण यंत्र श्वास देते म्हणून हृदय चालू आहे.

हे कसे होते? हृदयाला स्वतःचा ताल असतो. मेंदूचा हुकूम नसला तरी प्राणवायू मिळतो तोवर ते काही काळ आपले आपण ठोके देत राहते. श्वासाचे तसे नाही. श्वासाचा हुकूम मेंदूच्या देठातून येतो, मान आणि डोके जिथे मिळतात तिथून. डोक्याला जबर मार लागला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. आतला दाब वाढत वाढत शेवटी रक्ताच्या दाबाहून जास्त होतो आणि मेंदूकडे रक्त जाणेच बंद पडते. देठ मरतो. तो एकदा मेला की परत जिवंत होत नाही. यंत्र नसते तर हृदय काही मिनिटांतच थांबले असते. यंत्र आहे म्हणून ते काही तास, कधी काही दिवस चालते. मोटेचे बैल सोडले तरी थारोळ्यातले पाणी थोडा वेळ पाटातून वाहत राहते, तसेच काहीसे. १९६८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने या अवस्थेला मृत्यू म्हणावे असे सुचवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. तेव्हा आपल्याकडे या बाबतीत कायदा नव्हता. तो १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला, तोही पहिल्या फेरीत महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेश एवढ्यांपुरताच.

कायद्याने मेंदूचा मृत्यू ठरवण्याचे काम एकट्या डॉक्टरवर सोडलेले नाही. चार डॉक्टर लागतात: रुग्णालयाचा प्रमुख, सरकारने मान्य केलेल्या यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूच्या आजारांचा एक जाणकार, आणि प्रत्यक्ष उपचार करणारा. अवयव बसवणाऱ्या तुकडीतला कुणीही यांत चालत नाही. डोळ्यांत उजेड टाकतात, बाहुली आकसते का पाहतात. बुबुळाला कापसाचा बोळा लावतात, पापणी मिटते का पाहतात. कानात गार पाणी सोडतात, डोळे वळतात का पाहतात. घशात नळी हलवली तर ठसका लागतो का ते पाहतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्र काही मिनिटे सोडवतात. रक्तात कर्बवायू साठू लागला की जिवंत देठ गप्प बसत नाही, छाती वर येतेच. ती आली नाही तर देठ मेला. आणि ही सगळी तपासणी निदान सहा तासांच्या अंतराने पुन्हा एकदा करतात. झोपेच्या किंवा भुलीच्या औषधाचा अंमल नाही, अंग फार गार पडलेले नाही, हे आधीच पाहून घ्यावे लागते.

इथे पुष्कळांचा एक गोंधळ होतो, आणि तो दूर करण्यासाठी मुंबईचेच एक उदाहरण सांगतो. केईएममधील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात त्याच रुग्णालयातल्या एका कामगाराने अत्याचार केला आणि गळा आवळला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. पण त्या स्वतः श्वास घेत होत्या, त्यांचे डोळे उघडत, भरवलेले अन्न त्या गिळत. देठ जिवंत होता. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या; तोवर बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातल्या सिस्टरांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. अरुणाबाई ब्रेन डेड नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात स्पष्ट सांगितले. 'कोमा' ही एक गोष्ट, अरुणाबाईंची अवस्था ही दुसरी, आणि मेंदूचा मृत्यू ही तिसरी. पहिल्या दोन अवस्थांत माणूस जिवंत असतो. तिसऱ्यात नसतो.

हा भेद आपल्याला ठाऊक नसेल तर नवल नाही. पण डॉक्टरांना तरी ठाऊक असतो का? हाच प्रश्न अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातील स्टुअर्ट यंगनर या मानसोपचारतज्ज्ञाने विचारला. रुग्णालयात मनाच्या तक्रारी असलेल्या रोग्यांना पाहता पाहता अवयवदानाच्या कामातल्या कर्मचाऱ्यांकडेच त्यांचे लक्ष गेले. १९८५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. अवयव काढून घेण्याच्या कामामुळे अतिदक्षता विभागातल्या आणि शस्त्रक्रियागृहातल्या माणसांच्या मनावर विलक्षण ताण येतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग १९८९ साली त्यांनी या कामाशी संबंध येणाऱ्या १९५ डॉक्टर-परिचारिकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. मृत्यू ठरवण्याची कायद्यातली आणि वैद्यकातली कसोटी बरोबर सांगू शकले ते जेमतेम ३५ टक्के. सुमारे पाचांतल्या एकाची मृत्यूची कल्पना तर अशी होती, की तिच्याप्रमाणे अरुणाबाईंसारखा रोगीही मेलेलाच ठरला असता!

हे वाचून मी प्रथम हसलो. नंतर हसू ओसरले. ज्याच्या स्वतःच्या मनात 'हा खरेच मेला आहे का' अशी चुटपुट आहे, त्याला आपण बापासमोर उभे करतो आणि 'सांग' म्हणतो. तो भिंतीकडे पाहणार नाही तर काय करणार?

आता सिस्टरचे पाहा. मेंदू मेल्याचे ठरले, नातेवाइकांनी होकार दिला, म्हणजे तिचे काम संपले असे नाही, ते वाढते. मेंदू गेला की रक्तदाब कोसळू लागतो, अंगाची ऊब जाते, लघवी अतोनात होऊ लागते. दर तासाला मोजायचे, औषधांचे थेंब कमीजास्त करायचे, पांघरूण घालायचे. म्हणजे मृताची शुश्रूषा जिवंतापेक्षा कसोशीने करायची. कधी कधी असेही होते की मेंदू मेलेला असतो आणि एकाएकी हात वर उचलला जातो. ती पाठीच्या कण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया असते. मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. पुस्तकात हे एका ओळीत असते. पहाटे चार वाजता एकट्या सिस्टरने ते पाहिले तर तिच्या काळजाचा ठोका चुकणारच. आणि शेवटी शस्त्रक्रियागृह. एरवी तिथून रोगी परत वॉर्डात येतो, डोळे उघडतो, पाणी मागतो. या एकाच शस्त्रक्रियेत तसे होत नाही. भूल देणारा डॉक्टर मध्येच यंत्र बंद करून उठतो, खोलीतला तो नेहमीचा टिकटिक आवाज थांबतो, आणि बाकीचे काम करीत राहतात.

एवढे मनात साठवून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर कसा येतो, याचे उत्तर इझाबेल मेन्झीस नावाच्या बाईंनी १९६० च्या सुमारास लंडनमध्ये शोधले. एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या. का, ते पाहण्यासाठी बाईंना बोलावले होते. त्यांना असे दिसले की दुःखाशी थेट गाठ पडू नये म्हणून रुग्णालयाने नकळत अनेक भिंती बांधल्या आहेत. एका रोग्याची सगळी शुश्रूषा एका मुलीकडे न देता तिचे तुकडे पाडायचे. हिने सगळ्यांचे ताप घ्यायचे, तिने सगळ्यांना औषध द्यायचे. रोग्याला नावाने हाक न मारता 'दहा नंबरचे लिव्हर' म्हणायचे. झोपेची गोळी देण्याची वेळ झाली म्हणून झोपलेल्या माणसाला उठवायचे. या भिंतींनी त्रास कमी झाला नाही. उलट, ज्या मुली माणसांसाठी म्हणून या कामाला आल्या होत्या, त्यांचेच मन विटले. आपल्याकडे 'पाच नंबरच्या खाटेची युरिन पाठवली का?' हे वाक्य ऐकले की मला या बाईंची आठवण होते. त्यात उद्धटपणा आहेच, पण पुष्कळ वेळा पाठीमागे भीतीही असते.

पुढे १९८१ साली अमेरिकेतील क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी हा शीण मोजायची एक प्रश्नपत्रिका केली. त्यात बावीस विधाने आहेत आणि तीन गोष्टी तपासल्या जातात: मन रिकामे झाले आहे का, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागला आहे का, आणि आपल्या हातून काही भले होते यावरचा विश्वास उडाला आहे का. शिक्षक मित्रांनी ही तीन लक्षणे आपल्या शाळेतही शोधून पाहावीत. मॅसलॅकबाईंच्या या प्रश्नपत्रिकेची एक प्रत पुढे शिक्षकांसाठीही निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागेवर उपजणारी गोष्ट म्हणून. हा शब्दांचा खेळ नाही. आजार म्हटले की औषध त्या माणसाला द्यायचे. कामाच्या जागेचा दोष म्हटले की बदल जागेत करायचा.

सोलापूरकरांना या ठिकाणी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होईल. १९१० साली ते याच शहरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. वय अवघे बत्तीस. एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. त्यांना झटक्यांचा आजार होता आणि त्याच आजाराने ते गेले. आपण हा त्याग मुलांना शिकवतो, शिकवलाच पाहिजे. पण मला कधी कधी वाटते की त्यागाची गोष्ट आपल्याला इतकी आवडते, की न झोपलेला डॉक्टर दिसला तर आपण त्याला नमस्कार करतो. झोप का मिळाली नाही, असे विचारीत नाही. युद्धभूमीवर ते भूषण ठरेल. शांततेच्या काळात जिल्ह्याच्या रुग्णालयात निवासी डॉक्टर छत्तीस तास सलग उभा असेल, तर ती व्यवस्थेची उणीव आहे. सलग बारा तासांहून अधिक काम सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून ठेवले आहे. शिवाय नातेवाइकांच्या मारहाणीचे भय असतेच. त्यासाठी २०१० साली महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. माझ्या मामांचा उचललेला हात मला अशा वेळी आठवतो.

मग उपाय काय? स्पेनने तो फार साध्या रीतीने केला. १९८९ साली तिथे राष्ट्रीय संघटना निघाली, डॉ. राफाएल मातेसान्स तिचे पहिले संचालक. त्यांनी पोस्टर लावण्यावर भर दिला नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात हे विचारण्याचेच शिक्षण घेतलेला माणूस नेमला, बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर. तेव्हा दहा लाख वस्तीमागे चौदा दाते मिळत. पुढे ते चाळिसांच्या वर गेले. आपल्या देशात हेच प्रमाण अजून एकाच्याही खाली आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी भारतात अठरा हजारांहून अधिक अवयवारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दरसाल हजार-अकराशेच निघाले. बाकी बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांचे. त्यांत आई आणि बायको यांचा वाटा किती मोठा असतो ते वेगळे सांगायला नको.

कसे विचारावे, यावरही अभ्यास झाला आहे. मृत्यूची बातमी आणि अवयवांची विनंती एकाच दमात केली तर नकार ठरलेला. आधी बातमी सांगावी, ती पटू द्यावी, रडू द्यावे, पाणी द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. मग थोड्या वेळाने, वेगळ्या खोलीत, बसून, दुसऱ्या शिकलेल्या माणसाने विनंती करावी. असे केले तर होकाराचे प्रमाण कितीतरी वाढते. लॉरा सिमिनॉफ या संशोधिकेने अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांतली चारशेहून अधिक कुटुंबे अभ्यासून २००१ साली आणखी एक गोष्ट दाखवली. गेलेल्याची इच्छा घरच्यांना आधीपासून ठाऊक असेल, तर त्यांना निर्णय घेणे सोपे जाते. नसेल तर घरचे सहसा 'नको' म्हणतात, आणि त्यात गैर काय? दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता द्यायची नाही, असेच आपण मुलांना शिकवतो.

आपल्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि समन्वयक हे पद सक्तीचे झाले. चेन्नईची मोहन फाउंडेशन ही संस्था असे समन्वयक शिकवून तयार करते. सोलापूर जिल्हा या कामापुरता पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राला जोडलेला आहे. अवयव कुणाला जायचा हे तिथल्या प्रतीक्षा यादीवरून ठरते, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. वेळेचे गणित मात्र कडक आहे. मूत्रपिंड बर्फात एक दिवसाहून थोडे अधिक टिकते, यकृत बारा तासांच्या आसपास, हृदय आणि फुप्फुसे चार ते सहा तासच. पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटर. म्हणून मूत्रपिंड आणि यकृत रस्त्याने जाऊ शकते. त्यासाठी पोलीस वाटेतली वाहने थांबवून रस्ता मोकळा करून देतात, त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. सोलापुरातून असे अवयव पुण्याकडे गेलेले आहेत. हृदयाला मात्र रस्त्याचा प्रवास मानवत नाही.

सोलापूरची आणखी एक अडचण पुण्याच्या पुस्तकात सापडायची नाही. इथे विनंती करायची ती मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि उर्दूतही करता आली पाहिजे. गड्ड्याच्या जत्रेत चारही भाषा चालतात, तिथे कुणाचे अडत नाही. पण आईला तिचा मुलगा गेला हे तिच्या परभाषेत सांगणे, ही क्रूरता आहे. रात्रपाळीची एखादी कानडी बोलणारी मावशी अशा वेळी दुभाष्याचे काम करते. तिला कुणी शिकवलेले नसते, आणि तिच्या मनावर काय बेतते हे कुठल्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

शिक्षकांना एक विनंती. अवयवदानाचा विषय निघाला की आपण दधीची ऋषींची गोष्ट सांगतो. शाळेत जरूर सांगा. पण हे ध्यानात असू द्या, की दधीचींना देवांनी त्यांच्या जिवंतपणी विचारले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने होकार दिला. त्यांच्या आईला कुणी जिन्यात गाठले नाही. म्हणून वर्गात प्रतिज्ञा म्हणवून घेण्यापेक्षा 'आज घरी जेवताना हा विषय काढा आणि आजोबा काय म्हणाले ते उद्या सांगा' असे सांगितलेले मला अधिक पटते. कार्ड भरता येते, पण प्रत्यक्षात घरच्यांच्या संमतीशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. आजोबा 'नको' म्हणाले तरी हरकत नाही. ते त्यांचे मत आहे, आणि तेही घरच्यांना कळून राहिलेले बरे.

गावात बोलताना जे प्रश्न हटकून येतात त्यांची उत्तरे देऊन ठेवतो. पैसे लागतात का? संमतीनंतर दात्याची देखभाल आणि अवयव काढणे यांचा खर्च नातेवाइकांकडून घेता येत नाही. तसेच अवयवाचे पैसे देणे-घेणे हा मोठ्या शिक्षेचा गुन्हा आहे. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन यांचे काय? दोन्ही असतेच, पण त्यांची सांगड घालतात. आणि सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचे नाही हा जुना नियमही २०२१ च्या नोव्हेंबरात सैल झाला, त्यामुळे सकाळची वाट पाहावी लागत नाही. देह कसा मिळतो? टाके घालून, स्वच्छ करून, तोंड जसेच्या तसे; सगळे विधी करता येतात. देहदान म्हणजे हेच का? नव्हे. देहदान म्हणजे सबंध देह वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देणे. त्यासाठी १९४९ चा वेगळा कायदा आहे. आणि घरी मरण आले तर मूत्रपिंड, यकृत देता येत नाहीत, कारण हृदय थांबल्यावर ते काही मिनिटांतच निकामी होतात.

डोळे मात्र घरूनही देता येतात. म्हातारपणाने कुणी गेले, चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याला कळवायचे. तोवर पापण्या मिटवून वर ओल्या कापसाची घडी ठेवायची, पंखा बंद करायचा, आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवायचे. येणारी माणसे पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतात. त्यांना बसायला पाट आणि प्यायला पाणी द्या. तीही बहुधा ड्यूटीवरून थेटच आलेली असतात.